मंडई सोडलीत हे पटलं नाही

फिलाडेल्फिया, शनिवार रात्र

ती. आई-बाबा,
सा. न. वि. वि.

मागच्या फोनवर बाबा सहज बोलून गेले, "स्कूटर गेली, मंडई गेली. भाजी काय, मोबाईलवर दहा मिनिटांत दारात येते." मी तेव्हा गप्प बसले. फोनवर वाद सुरू झाला की बाबांचा आवाज चढतो, मग आई त्यांच्या हातातून फोन काढून घेते आणि "जेवलीस का?" विचारते. मुद्दा राहतो तिथेच. म्हणून लिहायला बसले. पत्रात मला कुणी मधेच तोडू शकत नाही.

स्कूटर सोडलीत ते उत्तम केलंत. मोतीबिंदूनंतर लक्ष्मी रस्त्यावर स्कूटर घालणं म्हणजे दुसऱ्यांच्याही जिवाशी खेळ होता. पण आपली पुण्याची मंडई सोडलीत हे मला पटलेलं नाही. आज सकाळी इथल्या बाजारात फिरताना तुमच्याशी मनातल्या मनात भांडतच होते, तेच आता कागदावर उतरवते.

तुम्ही आला होतात तेव्हा कडाक्याची थंडी होती आणि आईने "मी काही त्या बर्फात पाय ठेवायची नाही" असं जाहीर केलं होतं, त्यामुळे रेडिंग टर्मिनल मार्केट बघायचं राहूनच गेलं. सिटी हॉलच्या मनोऱ्यावर विल्यम पेनचा तो अवाढव्य पुतळा गाडीतून दाखवला होता, आठवतो? तिथून चालत पाच-सात मिनिटांवर, बाराव्या रस्त्याच्या आणि आर्च स्ट्रीटच्या कोपऱ्यावर हा बाजार आहे. पूर्ण छपराखाली. बाहेरून लाल निऑनची पाटी आणि आत गेलं की डोक्यावर बुटकी तुळई, पाइपं, दिवे. बुटकी अशासाठी की हा बाजार बांधला तेव्हा त्याच्या डोक्यावरून आगगाड्या जायच्या.

खोटं नाही सांगत. बाबा, ही गोष्ट तुम्हाला आवडेल. इथल्या मुख्य रस्त्याला मार्केट स्ट्रीट म्हणतात, कारण बाजाराच्या लांबच लांब शेड रस्त्याच्या ऐन मधोमध उभ्या असायच्या. गर्दी आणि घाण हाताबाहेर गेली तेव्हा १८५९ मध्ये त्या पाडल्या. विक्रेते मग बांधीव बाजारांत गेले. बाराव्या रस्त्याला असे दोन बाजार शेजारी शेजारी उभे राहिले, एक फार्मर्स मार्केट आणि दुसरा फ्रँकलिन मार्केट. पुढे तीसेक वर्षांनी रेडिंग रेल्वे कंपनीला शहराच्या मध्यात टर्मिनस बांधायची हौस आली. ही कंपनी पेनसिल्व्हेनियातल्या खाणींचा दगडी कोळसा वाहून गब्बर झालेली. मोनोपॉलीच्या पटावर आपण जी रेडिंग रेलरोड विकत घ्यायचो ती हीच. तिला नेमकी हीच जागा हवी होती. आणि बाजारवाले हलायला तयार होईनात!

आपल्याकडे असतं तर अशा वेळी काय झालं असतं ते सांगायला नको. इथे तडजोड निघाली: गाड्या वर, बाजार खाली. नाहीतरी रूळ शहरात उंचावरूनच येणार होते, त्यामुळे फलाट वरच्या मजल्यावर गेले आणि त्यांच्या पोटात बाजार वसला. १८९२ मध्ये बाजार सुरू झाला आणि १८९३ च्या जानेवारीत वर गाड्या धावू लागल्या. तळघरात बर्फघर काढलं. त्यात पन्नासेक खोल्या होत्या आणि नुसतं मांस-फळंच नाही, तर आसपासची इस्पितळं आपली औषधं आणि बिअरवाले आपला माल तिथे ठेवायला आणत.

आपली मंडई १८८६ ची. म्हणजे दोन्ही बाजार एकाच पिढीतले. फरक एवढाच की इथल्या इमारतीत बघण्यासारखं जे आहे ते वर आहे, रेल्वेच्या छपराची एकाच झेपेची लोखंडी कमान, मधे एकही खांब नाही. अशा छपरांपैकी अमेरिकेत आज उभं असलेलं हे सर्वांत जुनं. त्या दृष्टीने खालचा बाजार अगदीच साधा. आपल्या मंडईचा मधला अष्टकोनी मनोरा आणि त्यातून आठ दिशांना फुटलेले हात, हे वैभव इथे नाही. (हे मी मुद्दाम लिहितेय. नाहीतर बाबा म्हणतील, लेक अमेरिकेत गेली आणि तिला तिथलं सगळंच भारी वाटायला लागलं.)

शनिवारी सकाळी तिथे पाय ठेवायला जागा नसते. आज आम्ही मुद्दाम शनिवारच धरला, कारण रविवारी आमिश लोकांचे गाळे बंद असतात. आमिश म्हणजे ते घोडागाडीवाले. यांचे पूर्वज तीनशे वर्षांपूर्वी जर्मनी-स्वित्झर्लंडकडून इकडे आले. इथून शंभरेक किलोमीटरवर लँकेस्टर परगण्यात त्यांची शेतं आहेत. घरात बाहेरून तारेने येणारी वीज घ्यायची नाही, स्वतः मोटार चालवायची नाही. पण दुसऱ्याने चालवलेल्या मोटारीत बसायला हरकत नाही, त्यामुळे भाड्याच्या गाड्यांनी पहाटे निघून बाजारात येतात. आईला यातला शास्त्रार्थ लगेच समजेल. सोवळ्यात काय चालतं आणि काय चालत नाही याच्या तिच्या आजीच्या यादीत अशाच पळवाटा होत्या.

त्यांच्या एका गाळ्यावर मी बराच वेळ नुसती उभी राहिले. प्रेत्झेल, म्हणजे पीळ घातलेला भट्टीतला पाव, करत होत्या. पंधरा-सोळा वर्षांची मुलगी, डोक्याला पांढरी जाळीदार टोपी, केस मागे चापून बांधलेले, एकरंगी झगा, त्यावर ॲप्रन. समोर मऊसूत कणीक. तिचा एक गोळा तोडते, दोन्ही तळव्यांखाली घेऊन लांबवत जाते, हातभर लांब वळी होते. मग दोन्ही टोकं धरून हवेतच एक पीळ, खाली ठेवताना टोकं परत वरच्या बाजूला चिकटवायची की झालं. तिचं लक्ष हाताकडे नव्हतंच, शेजारणीशी त्यांच्या जुन्या जर्मन बोलीत गप्पा चालू होत्या. भट्टीतून निघालं की शेजारची बाई ते अख्खं प्रेत्झेल पातळ लोण्यात बुडवून काढते. बुडवून! ब्रश-बिश काही नाही. तुमच्या नातीने दोन खाल्ली आणि कोपरापर्यंत लोणी ओघळू दिलं. ती फोटो काढायला माझा मोबाईल वर धरणार होती, तिला थांबवलं. या लोकांना चेहऱ्याचे फोटो काढलेले आवडत नाहीत.

पलीकडेच लोणच्यांचा गाळा. बरण्याच बरण्या. आईला यांना लोणचं म्हणणं पटायचं नाही, कारण तेलाचा थेंब नाही, सगळं व्हिनेगर आणि साखर. फ्लॉवर, गाजर, मक्याचे दाणे, दोन-तीन जातींच्या शेंगा असं एकत्र घालून एक आंबटगोड प्रकार करतात, त्यात मोहरीही असते. जावईबापूंनी बरणी घेतलीच. थालीपिठाबरोबर खाऊन बघितलं. वाईट नाही, पण आईच्या मिरच्यांसमोर अगदीच पुचाट.

भाजी-फळांचा मोठा गाळा एका टोकाला आहे. आत्ता सफरचंदांचा मोसम, त्यामुळे नावंच वीसेक लिहिलेली. भेंडी होती, हिरव्या मिरच्या होत्या, कोथिंबीर जुड्यांनी. कोथिंबीर फुकट मागायची सोय नाही हे इतक्या वर्षांनंतरही मला खुपतं. घासाघीसही नाही. पण "आज कुठलं गोड आहे?" विचारलं की विकणारा मनापासून सांगतो, एक कापून हातावर ठेवतो आणि तुम्ही वाईट म्हणालात तर वाद घालतो. हे तुमच्या मोबाईलवर मिळतं का, बाबा?

आईस्क्रीमचा एक गाळा आहे, बॅसेट्स नावाचा. धंदा १८६१ पासूनचा आणि बाजार सुरू झाला तेव्हापासून ते इथे आहेत. पहिल्या दिवसापासूनच्या विक्रेत्यांत आता तेवढेच उरलेत. संगमरवराचा काउंटरही तोच. त्यावर कोपर टेकून मी व्हॅनिला खाल्लं. मधल्या चौकात फिलबर्ट नावाचं ब्राँझचं डुक्कर बसवलंय. त्यात लोक नाणी टाकतात, ते पैसे भुकेल्यांसाठी काम करणाऱ्या संस्थांना जातात. नात त्याच्यावर चढून बसली आणि उतरेना, मागे पोरांची रांग लागली. शेवटी आजोबा बघतील तर काय म्हणतील, असं म्हणून उतरवली. तुमचा धाक इथेही चालतो.

आता मी बाबांच्या मुद्द्यावर येते. तुम्ही म्हणाल, घरपोच भाजीत वाईट काय? प्रामाणिकपणे सांगते, या बाजारानेही घरपोच माल दिलेला आहे आणि तोही शंभरावर वर्षांपूर्वी. डोक्यावर रेल्वेच होती. उपनगरातली बाई ऑर्डर कळवायची, बाजारवाले तिची टोपली भरून वरच्या गाडीत चढवायचे. तिच्या गावच्या स्टेशनवर टोपली उतरायची आणि ती येऊन घेऊन जाईपर्यंत तिथे सांभाळून ठेवायचे. त्याचे वेगळे पैसे नाहीत! तेव्हा इथे अडीचशेच्या आसपास विक्रेते होते आणि शिवाय शंभरेक शेतकरी. पण त्या टोपलीत माल भरणारा माणूस त्या बाईला ओळखत होता. तिला कुठला बटाटा चालत नाही हे त्याला ठाऊक होतं. तुमच्या पिशवीत ती काळवंडलेली मेथी कोणी भरली हे तुम्हाला ठाऊक आहे? आईने मला फोटो पाठवला होता, बाबा. लपवू नका.

मग घरोघरी फ्रीज आले, मोटारी आल्या, लोक लांब उपनगरांत राहायला गेले, तिथल्या सुपरमार्केटांत जाऊ लागले. कोळशाचे दिवस संपले आणि १९७१ मध्ये रेल्वे कंपनीचंही दिवाळं निघालं. बाजाराकडे बघायला कोणाला वेळ नव्हता. छप्पर गळायचं, गाळे ओस पडले. १९८४ मध्ये शेवटची गाडी सुटली, कारण रेल्वे नव्या बोगद्यातून जाऊ लागली. वरची जागा रिकामी झाली आणि तिथे परिषदांचं भलंमोठं केंद्र बांधायचं ठरलं. खालच्या बाजाराचं आता काही खरं नाही असंच सगळ्यांना वाटत होतं. पण गिऱ्हाइकांनी आणि विक्रेत्यांनी ओरड केली, सरकारला डागडुजीला पैसे घालावे लागले आणि नव्वदच्या दशकात बाजार पुन्हा उभा राहिला. वरचं छप्परही राहिलं, त्याच्याखाली आता सभागृह आहे.

आज ऐंशीच्या आसपास गाळे आहेत. चालवते ती एक ना-नफा संस्था. साखळी दुकानांना तिथे जागा देत नाहीत, आणि नुसते खाऊचे गाळे होऊ नयेत, मासे-मटण-भाजी विकणारेही टिकावेत असं त्यांचं धोरण आहे. तरी माझी एक तक्रार आहेच. दुपारी बारानंतर परिषदेला आलेले लोक गळ्यात बिल्ले घालून येतात, सँडविचच्या रांगा लागतात आणि भाजी घेणाऱ्याला वाट मिळत नाही. म्हणून आम्ही आठला, उघडल्या उघडल्या जातो. त्या वेळी म्हाताऱ्या बायका चाकांची पिशवी ओढत फिरत असतात. काहींच्या हातात सरकारी अन्नमदतीचं कार्ड असतं, तेही इथे चालतं. एक-दोघी तर आईच्या वयाच्या असतील, गुडघ्यांचं दुखणं चालण्यावरून दिसतं. पण मासेवाल्याला "कालचा आहे का रे?" विचारताना आवाज खणखणीत.

आणखी एक. हे आईसाठी. आनंदीबाई जोशी याच शहरात शिकल्या हे तुला माहीतच आहे. १८८३ ते १८८६. त्यांचं महिला वैद्यकीय महाविद्यालय या बाजारापासून उत्तरेला होतं. त्या आल्या तेव्हा रेल्वेचं टर्मिनस नव्हतं, पण बाराव्या रस्त्यावरचे ते दोन जुने बाजार होते. कल्याणची ही मुलगी अठरा वर्षांची, नवरा सोबत नाही, अशी थंडी, आणि शाकाहार सोडायचा नाही. भाजीबाजाराची तिला काय किंमत असेल, तूच सांग. बरोबरच्या दोघी विद्यार्थिनींसोबतचा तिचा तो प्रसिद्ध फोटो आहे ना, एक जपानची केई ओकामी, दुसरी सीरियाची सबत इस्लामबुली, आणि ही साडीत, तो इथलाच, १८८५ चा. मार्च १८८६ मध्ये ती डॉक्टर झाली, पदवीदानाला पंडिता रमाबाई आल्या होत्या. त्याच वर्षी पुण्यात मंडई उघडली. फेब्रुवारी १८८७ मध्ये ती पुण्यात वारली, बाविसावं वर्षही पुरं झालं नव्हतं. तिची रक्षा मात्र न्यूयॉर्क राज्यात पकीप्सीच्या स्मशानभूमीत आहे, तिला इथे लेकीसारखं सांभाळणाऱ्या कार्पेंटरबाईंच्या कुटुंबाच्या जागेत. पुढच्या वेळी याल तेव्हा तिथे जाऊ. उन्हाळ्यात या. बर्फाचं कारण चालणार नाही.

बाबा, तुम्ही येणाऱ्या-जाणाऱ्या प्रत्येक पाहुण्याला मंडईसमोर उभं करून सांगायचात की नगरपालिकेत असताना जोतीरावांनी या इमारतीवरच्या खर्चाला विरोध केला, तो पैसा शिक्षणावर घाला म्हणाले, आणि पुढे नाव मात्र त्यांचंच लागलं. मग टिळकांचा पुतळा, मग शारदा-गजानन, आणि मग मंडई विद्यापीठात, म्हणजे मंडईतल्या गप्पांच्या अड्ड्यावर, तुम्ही ऐकलेले किस्से. आईला ते तोंडपाठ झालेत, मलाही. पण भाजी मात्र तुम्ही ॲपवर घेणार. बाजार भाषणांवर चालत नाही, बाबा. रोज सकाळी ओट्यावर माल मांडून बसणाऱ्या बाईला गिऱ्हाईक लागतं. तुमच्यासारखी जुनी गिऱ्हाइकं हटली की तिचा मुलगा रिक्षाचं परमिट काढतो आणि ओटा रिकामा होतो. मग एक दिवस कोणीतरी "या इमारतीत फूड कोर्ट केलं तर?" असं म्हणतं, आणि तेव्हा तुम्ही वर्तमानपत्राला पत्र लिहाल. त्यापेक्षा आत्ता दोन गड्ड्या मेथी घ्या.

स्कूटरची सबब तर मुळीच सांगू नका. मेट्रो आहे. आनंदनगरला बसायचं, जिल्हा न्यायालयाला उतरायचं, तिथून भुयारातली स्वारगेटची गाडी. मधे कसबा पेठ, की आलीच मंडई. लिफ्ट आहेत, सरकते जिने आहेत, आईच्या गुडघ्यांना जिने चढावे लागणार नाहीत. जिल्हा न्यायालयाचं स्टेशन बरंच खोल आहे, तिथे लिफ्टच धरा आणि घाई करू नका. इथे बाजाराच्या डोक्यावर रेल्वे होती, तुमच्या मंडईच्या पायाशी आली आहे. एवढी सोय झाल्यावर घरी बसून बोटाने भाजी निवडायची हे तुम्हाला शोभत नाही असं मला तरी वाटतं.

रोज जा असं म्हणत नाही. आठवड्याची किरकोळ भाजी, दूध, ब्रेड मागवा मोबाईलवरून, आईचा त्रास वाचतो हे मलाही कळतं. फक्त शनिवारची मोठी भाजी मंडईतून आणा. पाच-सहा किलोच्या वर ओझं नको. चाकांची पिशवी मी इथून पाठवणार होते, पण आता ती पुण्यातही मिळते, तुळशीबागेत बघा. आईने मिरच्या निवडायच्या, बाबांनी पिशवी धरायची आणि बोलायचं. उलटं केलंत तर मिरच्या तिखट निघत नाहीत.

बाकी इकडे सगळं ठीक. नातीचा खोकला गेला. भाजणीचं प्रमाण आईने पाठवलंय त्यात धणे लिहायचे राहिलेत की घालायचेच नाहीत, ते कळव. बाबांनी रक्तदाबाची गोळी सकाळीच घ्यायची, मंडईतून आल्यावर नाही.

तुमचे शनिवारी सकाळचे आठ म्हणजे माझे शुक्रवारी रात्रीचे साडेदहा, मी जागीच असते. मंडईतून व्हिडिओ कॉल करा. आणि बाबा, कॅमेरा स्वतःच्या कपाळावर नको, भाजीवर धरा.

तुमची
लेक